भाजल्यावर आधी पाणी, मग पट्टी, वनस्पती त्यानंतर

उकळते पाणी हातावर सांडते, किटलीच्या वाफेचा झोत मनगटावर येतो किंवा तापलेल्या इस्त्रीला पंजा टेकतो, तेव्हा घरातल्या माणसांची पहिली धावपळ होते ती काहीतरी लावण्यासाठी. एक जण टूथपेस्ट शोधतो, दुसरा कोरफडीचे पान तोडायला कुंडीकडे जातो, तिसरा बर्फाचा ट्रे आपटत बसतो. आणि ज्याला चटका बसला आहे तो हातावर फुंकर घालत उभा असतो. या शोधाशोधीत जी मिनिटे जातात त्या मिनिटांत जखम खोल होत राहते, कारण तापलेली वस्तू बाजूला झाली तरी कातडीत शिरलेली उष्णता आत आपले काम करीतच असते. घरात होणाऱ्या अशा मध्यम भाजण्यावर काय आणि कधी करायचे, ते इथे सांगतो. वनस्पतिजन्य उपचारांना माझा विरोध नाही. कोरफड आणि मध यांना भाजलेल्या जखमेच्या उपचारात खरोखर स्थान आहे, फक्त ते पहिल्या तासात नाही. कोणती गोष्ट कधी करायची हा क्रम पाळला तर साध्या साधनांनीही जखम चांगली भरते. क्रम चुकला तर चांगली वस्तूही नुकसान करते.

‘मध्यम’ म्हणजे नेमके किती

या शब्दाने बराच घोळ होतो, म्हणून तो आधी सोडवलेला बरा. वैद्यकीय वर्गीकरणात ‘मध्यम’ या गटात येणारे भाजणे पुष्कळदा रुग्णालयात दाखल करण्याजोगे असते, कारण तिथे शरीराचा किती भाग भाजला आहे हेही मोजलेले असते. घरात बोलताना मात्र आपण मध्यम म्हणतो ते खोलीवरून: नुसते लाल झालेले नाही, फोड आला आहे, पण कातडी जळून कोळसा झालेली नाही. या लेखात हा दुसरा अर्थ घेतला आहे, आणि तोही जखम लहान असेल तेवढ्यापुरता.

त्वचेचे दोन मुख्य थर असतात. वरची पातळ बाह्यत्वचा आणि तिच्याखालची जाड अंतस्त्वचा, जिच्यात रक्तवाहिन्या, मज्जातंतू, केसांची मुळे आणि घामाच्या ग्रंथी असतात. फक्त बाह्यत्वचा भाजली तर जागा लाल होते, झोंबते, फोड येत नाही आणि आठवडाभरात बहुधा सगळे पूर्ववत होते. अंतस्त्वचेचा वरचा भाग भाजला तर फोड येतो, फोडाखालची जागा ओलसर आणि गुलाबी दिसते आणि वारा लागला तरी कळ येते. अशी जखम साधारण दोन ते तीन आठवड्यांत भरते. अंतस्त्वचा खोलवर भाजली तर जागा लाल-पांढरी, डागाळलेली दिसते आणि दुखणे चक्क कमी असते. संपूर्ण जाडी जळाली तर ती पांढरी, तपकिरी किंवा काळी, चामड्यासारखी कडक लागते आणि दुखतच नाही. ‘दुखत नाही म्हणजे थोडक्यात निभावले’ हा समज म्हणूनच घातक आहे. भाजलेल्या जागी वेदना नसणे ही चांगली खूण नाही, तिथले मज्जातंतू गेल्याची ती खूण असू शकते.

खोली तपासण्याची एक सोपी पद्धत आहे. थंड करून झाल्यावर, हात स्वच्छ धुऊन, ओलसर गुलाबी भागावर बोटाने हलके दाबावे आणि सोडावे. दाबलेली जागा पांढुरकी होऊन लगेच पुन्हा गुलाबी झाली तर खालचा रक्तप्रवाह शाबूत आहे. रंग परत येण्यास वेळ लागला किंवा तो बदललाच नाही, तर जखम घरी ठेवण्याजोगी नाही. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीशी तुलना करून रंगातला फरक, उष्णता आणि सूज पाहावी लागते.

क्षेत्रफळासाठी जखमी व्यक्तीचाच तळहात माप म्हणून वापरावा. बोटे जुळवून धरलेला पूर्ण पंजा म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण एक टक्का. मुलाच्या जखमेला मुलाचाच तळहात लावायचा, मोठ्या माणसाचा नव्हे. नुसती लाल झालेली जागा या मोजणीत धरत नाहीत. फोड आलेली किंवा सोलवटलेली जागा तेवढी धरतात.

पहिली वीस मिनिटे

पाण्याला एवढे महत्त्व का, हे डग्लस जॅक्सन या ब्रिटिश शल्यचिकित्सकांच्या कामातून उलगडते. भाजलेल्या जागेत तीन वलये असतात, असे वर्णन त्यांनी १९५३ साली मांडले. मधोमध पेशी मेलेल्या असतात. त्या परत येत नाहीत. अगदी बाहेरच्या वलयात रक्तप्रवाह वाढून लाली येते. ते आपोआप बरे होते. या दोहोंच्या मधल्या वलयात रक्तप्रवाह मंदावलेला असतो, पेशी अर्धमेल्या असतात, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत त्या वाचतील की मरतील हे ठरायचे असते. आपण करतो ती सारी धडपड या मधल्या पट्ट्यासाठी असते. तो वाचला तर फोड पंधरा दिवसांत भरतो; तो गेला तर तीच जखम एक पायरी खोल होते, भरायला दुप्पट वेळ घेते आणि वण ठेवून जाते.

म्हणून उष्णतेचा स्रोत दूर करताच भाजलेला भाग नळाच्या वाहत्या, नेहमीच्या गार पाण्याखाली धरावा आणि घड्याळ लावून पूर्ण २० मिनिटे धरून ठेवावा. ही २० मिनिटे फार मोठी वाटतात. पाचव्या मिनिटाला आग थांबते, हात बाहेर काढावासा वाटतो, आणि काढला की दोन मिनिटांत पुन्हा आग सुरू होते. तेव्हा हात परत पाण्याखाली न्यावा. धार फार जोराची नसावी, ती जखमेच्या थोडी वरच्या बाजूला पडून जखमेवरून वाहत जाईल अशी धरावी. अपघातानंतर लगेच पाणी मिळाले नाही तरी पहिल्या तीन तासांत केव्हाही असे थंड केल्याचा उपयोग होतो, त्यामुळे ‘आता उशीर झाला’ असे समजून ते टाळू नये. वाहते पाणी नसेल तर स्वच्छ ओले फडके ठेवून ते दर मिनिट-दोन मिनिटांनी बदलावे; एकच फडके ठेवून दिले तर ते अंगाच्या उष्णतेने कोमट होते आणि निरुपयोगी ठरते.

पाण्याखाली असतानाच दुसऱ्या कोणी तरी अंगठ्या, बांगड्या, घड्याळ, पट्टा आणि घट्ट कपडे काढून घ्यावेत, कारण तासाभरात सूज चढली की अंगठी बोटात रुतते आणि मग ती कापावी लागते. गरम पाण्याने किंवा तेलाने भिजलेला कपडा उष्णता धरून ठेवतो, म्हणून तो झटपट उतरवावा. तान्ह्या मुलाचा डायपरही यात आला. कापड किंवा वितळलेले प्लॅस्टिक कातडीला चिकटले असेल तर मात्र ते ओढू नये. आजूबाजूचा मोकळा भाग कात्रीने कापावा आणि चिकटलेला तुकडा तसाच राहू द्यावा.

बर्फ लावू नये. बर्फाने आधीच मंदावलेल्या रक्तवाहिन्या आणखी आकसतात, म्हणजे ज्या मधल्या पट्ट्याला रक्त हवे आहे त्याचेच तोडले जाते. शिवाय बधिर झालेल्या कातडीला गारठ्याची इजा वेगळीच होते. जखम थंड करताना माणूस गारठू नये, हेही पाहावे. लहान मूल, वृद्ध व्यक्ती किंवा मोठी जखम असेल तर बाकीचे अंग कोरड्या पांघरुणात गुंडाळावे आणि हुडहुडी भरू लागली तर पाणी थांबवावे.

टूथपेस्ट, तेल, तूप, पीठ, अंड्याचा पांढरा बलक, शाई यांपैकी काहीही ताज्या जखमेवर लावू नये. स्निग्ध पदार्थ उष्णता आत कोंडतात, पिठाचा आणि पेस्टचा थर वाळून जखमेला चिकटतो, आणि डॉक्टरांना तो खरवडून काढावा लागतो. ती खरवड मूळ भाजण्यापेक्षा जास्त दुखते, हे ज्याने एकदा सोसले आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. रंगीत वस्तूंचा आणखी एक तोटा असा की त्यांच्याखाली जखमेचा खरा रंग दिसत नाही, आणि खोलीचा अंदाज तर रंगावरूनच घ्यायचा असतो.

रसायनाने भाजले असेल तर कोरडी भुकटी आधी झटकून टाकावी, मग भरपूर पाण्याने बराच वेळ धुवावे आणि रुग्णालय गाठावे. विजेचा धक्का बसून भाजले असेल तर प्रवाह तोडल्याशिवाय त्या व्यक्तीला हात लावू नये. विजेची जखम वरून पैशाएवढी दिसली तरी आत खोल पसरलेली असू शकते, त्यामुळे तिथे घरगुती उपचाराचा विचारच करू नये.

घरी की रुग्णालयात

हा निर्णय पाणी घालून झाल्यावर, शांतपणे घ्यावा. तेवढ्या वेळात जखमेचे स्वरूप बरेच स्पष्ट होते. प्रौढ व्यक्तीला फोड आलेली जागा तिच्या स्वतःच्या दोन-तीन तळहातांपेक्षा मोठी असेल, मुलाला एका तळहाताएवढी असेल, किंवा जखम चेहरा, डोळ्यांजवळचा भाग, हाताचा पंजा, पाऊल, गुप्तांग किंवा मोठा सांधा यांवर असेल तर डॉक्टरांकडे जावे. बोटाला, हाताला किंवा पायाला सगळ्या बाजूंनी वेढा घालणारे भाजणे विशेष धोक्याचे असते, कारण सूज आली की ते काच बसल्यासारखे आवळते आणि पुढचा रक्तप्रवाह थांबवू शकते. बंद खोलीत धूर कोंडला असेल, आवाज घोगरा झाला असेल, नाकातले केस जळाले असतील किंवा खोकल्यातून काजळी येत असेल, तर कातडीवर काहीच दिसत नसले तरी तातडीने हलवावे. पाच वर्षांखालील मूल, साठीच्या पुढची व्यक्ती, गर्भवती स्त्री, मधुमेही किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारी व्यक्ती असेल तर लहान जखमेसाठीही एकदा दाखवून यावे.

नेताना जखमेवर स्वयंपाकघरातली पारदर्शक चिकट फिल्म ठेवणे हा उत्तम मार्ग आहे. ती जखमेला चिकटत नाही, वारा लागू देत नाही, त्यामुळे दुखणे कमी होते, आणि डॉक्टरांना वरूनच जखम दिसते. गुंडाळीचा पहिला वेढा टाकून द्यावा आणि पुढची फिल्म वरून नुसती अंथरावी. गोल गुंडाळू नये, कारण सूज वाढल्यावर ती आवळते.

धनुर्वाताच्या लसीची चौकशीही याच वेळी करावी. शेवटची मात्रा घेऊन पाच वर्षांहून अधिक काळ लोटला असेल किंवा काही आठवतच नसेल, तर डॉक्टरांना तसे सांगावे. वेदनेसाठी पॅरासिटामॉल चालते: प्रौढांना एका वेळी ५०० ते १००० मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान चार ते सहा तासांचे अंतर आणि २४ तासांत ४ ग्रॅमच्या आत, यकृताचा आजार असेल किंवा वजन फार कमी असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून कमी ठेवावी. मुलांना मात्रा वयाच्या अंदाजाने न देता वजनावरून द्यावी. सोळा वर्षांखालील मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये.

फोड आणि पट्टी

टरारून आलेला फोड पाहिला की बहुतेकांचे हात शिवशिवतात. तो फोडू नये. फोडाची कातडी ही जखमेवरची पहिली, निर्जंतुक आणि फुकटची पट्टी असते, आणि तिच्याखाली साचलेल्या पाण्यासारख्या स्रावात, म्हणजे लसीत, नवी कातडी धरण्यास ओलावा मिळतो. फोड सांध्यावर असल्याने हालचाल अडत असेल, फार मोठा असेल किंवा आपोआप फुटेल असा ताणलेला असेल, तर तो डॉक्टर किंवा परिचारिका निर्जंतुक साधनांनी रिकामा करतात. घरातली सुई ज्योतीवर धरून हे काम करू नये. फोड स्वतःहून फुटला तर ती जागा साध्या साबणाने आणि स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावी आणि सुटलेली कातडी खेचून काढू नये.

पट्टीचे तीन थर असतात. जखमेला लागून न चिकटणारा थर, म्हणजे पॅराफिन गॉझ (मेणासारख्या पॅराफिनात भिजवलेली जाळीदार पट्टी) किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे न चिकटणारे ड्रेसिंग. त्यावर लस शोषून घेणारी साधी गॉझ. आणि सर्वांत वर बँडेज, जे पट्टी जागेवर राहील इतपतच घट्ट असावे. कापूस थेट जखमेवर कधीही ठेवू नये, त्याचे तंतू ओल्या जखमेत रुततात. बोटे भाजली असतील तर प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी करावी, नाहीतर शेजारशेजारच्या कच्च्या जागा एकमेकींना चिकटतात. पहिले दोन दिवस हात किंवा पाय उशीवर उंच ठेवला की ठणका आणि सूज दोन्ही कमी राहतात. मात्र तो निपचित ठेवून देऊ नये. दिवसातून अनेकदा बोटे आणि सांधे हलवत राहावे.

पहिली पट्टी साधारण २४ ते ४८ तासांनी बदलावी, कारण सुरुवातीला लस जास्त येते आणि जखम पुन्हा एकदा नीट पाहणेही गरजेचे असते. पुढे दर दोन-तीन दिवसांनी बदलली तरी चालते. भिजली, मळली किंवा वास येऊ लागला तर लगेच. रोज उघडून पाहण्याच्या उत्सुकतेने काही मिळत नाही, उलट नवी धरलेली कातडी दर वेळी उचकटली जाते.

माझ्या स्वतःच्या डाव्या मनगटावर किटलीच्या वाफेने फोड आला होता, तेव्हा तिसऱ्या दिवशी पट्टी काढताना गॉझ चिकटलेली दिसली. पहिला विचार एका झटक्यात ओढून काढण्याचा आला. त्याऐवजी मनगट उकळून कोमट केलेल्या पाण्यात दहा मिनिटे बुडवून ठेवले, आणि गॉझ कडेकडेने सुटत गेली. मध्ये जिथे ती धरून बसली होती तिथे आणखी पाणी सोडले. खाली जे दिसले त्याने मात्र धडकी भरली, कारण जखमेवर पिवळसर, बुळबुळीत साय धरली होती आणि मी तिला पू समजलो. तो पू नव्हता. भरणाऱ्या जखमेवर लशीतले प्रथिन साकळून असा पातळ पापुद्रा येतो. त्याला दुर्गंधी नसते आणि भोवतालची कातडी शांत असते. पू असला तर तो दाट असतो, पुष्कळदा वास येतो आणि आजूबाजूची लाली दिवसागणिक पसरत जाते. हा फरक आधी ठाऊक असता तर माझी एक रात्र नीट झोपेत गेली असती.

सिल्व्हर सल्फाडायझिनचे पांढरे मलम अनेक घरांत भाजण्याचे औषध म्हणून ठेवलेले असते. १९६० च्या दशकापासून त्याचा वापर झाला आहे, परंतु लहान, वरवरच्या फोडांसाठी ते आता पूर्वीइतके पसंत केले जात नाही. त्याने जखम भरण्यास उशीर लागू शकतो आणि त्याचा पांढरा थर जखमेची खोली झाकतो. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असलेल्यांना, गरोदरपणाच्या अखेरच्या काळात आणि नवजात बाळांना ते वापरत नाहीत. डॉक्टरांनी दिले तर जरूर लावावे, स्वतःच्या मनाने नव्हे.

कोरफड, मध आणि बाकीच्या वनस्पती

आता वनस्पतींची पाळी येते: पाणी घालून झाले, खोली कळली, रुग्णालयाची गरज नाही हे ठरले, त्यानंतर. एक नियम मी सर्वांना लागू करतो. कातडी शाबूत असेल तिथे घरची ताजी वनस्पती चालेल. कातडी उघडी असेल तिथे फक्त निर्जंतुक केलेली, जखमेसाठीच बनवलेली वस्तू चालेल.

कोरफडीच्या बाजूने पुरावा आहे. २००७ साली झालेल्या एका आढाव्यात चार चाचण्यांतल्या एकूण ३७१ रुग्णांची माहिती एकत्र केली, तेव्हा कोरफड वापरलेल्या गटाची जखम सरासरीने सुमारे नऊ दिवस लवकर भरल्याचे आढळले. त्या चाचण्यांत वापरलेली कोरफडीची उत्पादने एकमेकांपासून बरीच वेगळी होती, त्यामुळे नऊ हा आकडा वेदवाक्य समजू नये. दिशा मात्र आशादायक आहे.

पानातला गर काढताना एक काळजी घ्यावी लागते आणि नेमकी तीच बहुतेक जण विसरतात. हिरव्या सालीच्या अगदी आत पिवळ्या, कडू चिकाचा थर असतो. तो कातडीला झोंबतो, पुरळही आणतो. म्हणून रोपाच्या बाहेरच्या बाजूचे जाड, जून पान बुंध्याशी कापावे, धुवावे आणि कापलेली बाजू खाली करून दहा-पंधरा मिनिटे भांड्यात उभे ठेवावे. तळाशी पिवळट पाणी साचलेले दिसेल. ते टाकून द्यावे. मग पान पुन्हा धुऊन दोन्ही काटेरी कडा तासाव्यात, वरची साल सुरीने सपाट सोलावी आणि आतला काचेसारखा पारदर्शक गर पाण्याखाली धरून पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवावा. आधी थोडा गर न भाजलेल्या हाताच्या आतल्या बाजूला लावून निदान अर्धा तास थांबावे. खाज किंवा लाली आली तर तो वापरू नये. नुसत्या लाल झालेल्या जागेवर दिवसातून दोन-तीनदा पातळ थर पुरतो. उरलेला गर फ्रीजमध्ये ठेवला तरी दुसऱ्या दिवशी टाकून द्यावा, कारण तो जवळजवळ सगळा पाणीच असल्याने त्यात जंतू झपाट्याने वाढतात. बाजारातले हिरवेगार, सुगंधी जेल घेताना घटकांची यादी वाचावी. अल्कोहोल किंवा सुगंधी द्रव्य असेल तर ते भाजलेल्या कातडीसाठी नाही.

मधाची गोष्ट वेगळी आहे, कारण तो उघड्या जखमेवरही काम करतो. दाट साखरेमुळे तो जंतूंमधले पाणी शोषून घेतो, त्याची आम्लता जंतूंना मानवत नाही, आणि पातळ झाला की त्यातल्या विकरामुळे हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहते. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यात, फोड येण्याइतपत भाजलेल्या जखमा मधाच्या पट्टीने नेहमीच्या काही पट्ट्यांपेक्षा साधारण चार ते पाच दिवस लवकर भरतात, असा निष्कर्ष आहे. पण हा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला, जखमेसाठी बनवलेला असतो. फडताळातल्या बाटलीतल्या मधात जंतूंची बीजे असू शकतात, म्हणून तो उघड्या जखमेवर ओतू नये. एक वर्षाखालील बाळाच्या बाबतीत तर मधाचा विषयच काढू नये. औषधी मध थेट जखमेवर थापण्याऐवजी गॉझवर पसरून ती गॉझ जखमेवर ठेवावी. सुरुवातीला चुरचुरते आणि लसही जास्त येते, त्यामुळे वरची शोषक गॉझ जाड घ्यावी आणि ती भिजली की बदलावी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. हळदीतील द्रव्याचे दाहशामक गुण प्रयोगशाळेत दिसले आहेत, पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते, ती जखमेत खड्यांसारखी बसते आणि सगळे पिवळे करून टाकते. उघड्या फोडावर तिचे काम नाही. झेंडूच्या कुळातल्या कॅलेंड्युलाचे मलम जखम बंद झाल्यावर कोरडेपणासाठी चालते, मात्र त्या कुळातल्या फुलांची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावे. लॅव्हेंडर, टी ट्री यांसारखी सुगंधी अर्के उघड्या कातडीवर जाळजाळ करतात. पाने वाटून केलेले लेप आणि घरी उकळलेले काढे जखमेवर नकोत. काढा उकळताना निर्जंतुक असतो, भांडे, गाळणे आणि हात बदलता बदलता तो तसा राहत नाही.

धोक्याच्या खुणा

तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होत जायला हवे. ते वाढू लागले, लाली किंवा सूज कडेबाहेर पसरली, हिरवट स्राव किंवा वास येऊ लागला, लाल रेघ वर चढताना दिसली किंवा ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप आला, तर घरचे सगळे थांबवून डॉक्टरांकडे जावे. लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी, जी फारशी कोणी सांगत नाही. छोट्याशा भाजण्यानंतरही दोन-चार दिवसांनी मुलाला अचानक ताप, अंगभर पुरळ, उलट्या, जुलाब किंवा गळून गेल्यासारखे झाले, तर ते जखमेतल्या जंतूंच्या विषामुळे असू शकते. अशा वेळी जखम वरून अगदी स्वच्छ दिसते, म्हणून ताप वेगळा आणि जखम वेगळी असे समजले जाते आणि मोलाचे तास जातात. डॉक्टरांना मूल भाजले होते हे आवर्जून सांगावे.

दोन आठवडे होऊनही जखम भरत नसेल तर ती वाटली त्यापेक्षा खोल होती, असे धरून दाखवावे. तीन आठवड्यांहून अधिक काळ उघडी राहिलेली जखम उंचवट्याचा, ताणणारा वण ठेवण्याची शक्यता बरीच जास्त असते.

कातडी बंद झाल्यावर

नवी कातडी गुलाबी, चकचकीत आणि कोरडी असते. तिच्यातल्या तेलाच्या ग्रंथी अजून नीट काम करीत नसतात. दिवसातून तीन-चार वेळा बिनसुगंधाचे मॉइश्चरायझर, साधे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावून बोटाच्या टोकाने गोलाकार, हलका दाब देत पाच मिनिटे चोळावे. पहिल्या दिवशी ज्या तेलाला मनाई केली ते आता उपयोगाचे ठरते. खाज पुष्कळ सुटते, विशेषतः रात्री. खाजवण्याऐवजी त्या जागी गार ओले फडके ठेवावे, नखे कापून ठेवावीत, आणि ओट्सचे अगदी बारीक पीठ कोमट पाण्यात मिसळून त्या पाण्याने अंघोळ केली तर बराच आराम पडतो. वण जाड होऊ लागला तर सिलिकॉनची पट्टी किंवा जेल उपयोगी पडते, पण ते रोज बरेच तास आणि काही महिने वापरावे लागते.

उन्हाची काळजी सर्वांत जास्त काळ घ्यावी लागते. नव्या कातडीचा रंग अजून ठरलेला नसतो आणि ऊन लागले की ती जागा कायमची काळपट होऊ शकते, म्हणून निदान वर्षभर ती कापडाने झाकावी किंवा ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावावे. माझ्या मनगटावरची जागा सुरुवातीला शेजारच्या कातडीपेक्षा फिकट दिसत असे, नंतर तपकिरी झाली, आणि चौदाव्या महिन्यात ती शोधून काढायला मला खिडकीशी जाऊन हात तिरपा धरावा लागला.